घरातली हार्मोन बिघडवणारी केमिकल्स: नवीन असाल तर सुरुवात कुठून करायची

ह्या विषयावर पहिल्यांदा वाचायला बसलं की माणूस एकतर घाबरून अर्धं घर कचऱ्यात काढायला निघतो, नाहीतर "सगळ्यातच केमिकल असतं, मग काय जगायचंच नाही का" म्हणून मोबाईल बाजूला ठेवतो. दोन्हीची गरज नाहीये. खाली लिहिलंय ते अगदी नवख्या लोकांसाठी, पायरी पायरीने, आणि क्रम मुद्दाम असा लावलाय की कमी कटकटीत जास्त फरक पडणाऱ्या गोष्टी आधी येतील.

पण आधी थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसती "हे करू नका ते करू नका" अशी यादी वाटेल.

हार्मोन रक्तातून फिरतं आणि पेशीवरच्या किंवा पेशीच्या आतल्या रिसेप्टरमध्ये जाऊन बसतं, कुलपात किल्ली बसावी तसं. काही केमिकल्सचा आकार असा असतो की ती खोटी किल्ली बनून त्याच कुलपात शिरतात, काही नुसतीच आत अडकून बसतात म्हणजे खऱ्या हार्मोनला जागा मिळत नाही, आणि काही रिसेप्टरला हातही लावत नाहीत, पण हार्मोन तयार होणं किंवा शरीराबाहेर जाणं ह्यात ढवळाढवळ करतात. ह्यांना एंडोक्राइन डिसरप्टर म्हणतात, हे नाव १९९१ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या विंगस्प्रेड इथे थिओ कोलबॉर्न आणि बाकीचे शास्त्रज्ञ जमले तेव्हापासून रुळलं.

आता लोक म्हणतात, अहो किती थोडंसं असतं ते! खरंय, थोडंच असतं, पण आपलं स्वतःचं हार्मोनसुद्धा थोडंच असतं. रक्तातलं इस्ट्रोजेन पिकोग्रॅममध्ये मोजतात, आणि पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. त्यामुळे "थोडंसं आहे म्हणजे काही होत नाही" हा युक्तिवाद इथे आपोआप चालत नाही. उलट बाजूने हेही खरं की लघवीच्या तपासणीत एखादं केमिकल सापडलं म्हणजे आजार झालाच असंही नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवायच्या.

एक जुनं उदाहरण सांगतो, कारण वेळेचं महत्त्व त्यातून नीट कळतं. डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स ह्यांच्या टीमने बनवलं, आणि १९४० च्या दशकापासून गर्भपात टळावा म्हणून गरोदर बायकांना डॉक्टर ते लिहून द्यायचे. आईला तेव्हा काही जाणवलं नाही. १९७१ मध्ये लक्षात आलं की त्यांच्या मुलींना ऐन तारुण्यात योनीमार्गाचा एक अतिशय दुर्मिळ कॅन्सर होतोय, म्हणजे परिणाम झाला पोटातल्या बाळावर आणि दिसला कितीतरी वर्षांनी. घरातल्या वस्तूंमधली केमिकल्स डीईएसपेक्षा खूपच कमजोर आहेत, ती भीती इथे चिकटवायची नाही, पण गर्भात असताना, पहिली दोन-तीन वर्षं आणि वयात येताना शरीर ह्या गोष्टींना जास्त संवेदनशील असतं एवढं त्यातून घ्यायचं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. ही केमिकल्स दोन गटांत टाका.

पहिला गट पटकन बाहेर पडणाऱ्यांचा: बिस्फेनॉल (बीपीए वगैरे, कडक प्लॅस्टिकमधलं), थॅलेट (मऊ प्लॅस्टिक आणि वासाच्या वस्तूंतलं), पॅराबेन (क्रीम वगैरे टिकवणारं प्रिझर्व्हेटिव्ह), ट्रायक्लोसन (अँटिबॅक्टेरियल साबणातलं). ही काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत लघवीतून जातात. मग तपासणीत कायम सापडतात कशी? कारण आपण रोज नवीन भर घालतो. म्हणजे इथे सवय बदलली की आकडा लगेच खाली येतो. २०११ मध्ये अमेरिकेत ५ कुटुंबांतल्या २० जणांना तीन दिवस डबाबंद नसलेलं, प्लॅस्टिकमध्ये पॅक न केलेलं ताजं जेवण दिलं तर लघवीतलं बीपीए सरासरी ६६ टक्के कमी झालं आणि डीईएचपी ह्या थॅलेटचे अंशही निम्म्याहून कमी झाले. तीन दिवसांत!

दुसरा गट चिकटून बसणाऱ्यांचा: पीफास (पाणी-तेल-डाग चिकटू नयेत म्हणून वापरतात ती केमिकल्स), आणि ब्रोमीन असलेली आग-रोधक केमिकल्स. पीएफओए नावाचं पीफास माणसाच्या शरीरात निम्मं व्हायलाच साधारण दोन ते चार वर्षं लागतात. इथे आज सवय बदलून उद्या काही दिसणार नाही, इथे खरेदी करतानाच बघायला लागतं. थोडक्यात पहिल्या गटासाठी सवय आणि दुसऱ्यासाठी खरेदी, हे एवढं पक्कं झालं की निम्मा गोंधळ जातो.

पायरी १: गरम आणि प्लॅस्टिक ह्यांची गाठ पडू देऊ नका

एकच गोष्ट करणार असाल तर ही करा, बाकी लेख सोडून दिलात तरी चालेल.

उष्णता, तेलकटपणा, आंबटपणा आणि वेळ, ह्या चार गोष्टींनी प्लॅस्टिकमधून झिरपणं वाढतं. थॅलेट चरबीत विरघळतात, त्यामुळे गरम आणि तेलकट असं काही प्लॅस्टिकच्या डब्यात तासन्‌तास ठेवणं सगळ्यात वाईट. मायक्रोवेव्हमध्ये काच किंवा सिरॅमिकचं भांडं वापरा. डब्यावर "मायक्रोवेव्ह-सेफ" लिहिलेलं असतं त्याचा मुख्य अर्थ डबा वितळणार नाही, वाकडा होणार नाही असा असतो, त्यातून काहीच झिरपणार नाही अशी ती हमी नाही. काच किंवा स्टीलच्या डब्याला प्लॅस्टिकचं झाकण असलं तर चालतं, फक्त गरम जेवण झाकणाला टेकेल इतकं भरू नका, आणि थोडं निवल्यावर झाकण लावा.

डब्याच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो तो बघा. ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ७ म्हणजे "इतर", आणि ह्या इतरमध्ये पॉलिकार्बोनेट येतं जे बीपीएपासूनच बनतं (७ मध्ये दुसरीही प्लॅस्टिक्स येतात, त्यामुळे ७ दिसलं की लगेच ओरडायचं कारण नाही, पण कडक, काचेसारखं पारदर्शक, जुनं असेल तर संशय घ्या). २, ४, ५ त्यातल्या त्यात बरे, तेही गार आणि कोरड्या वस्तूंसाठी. १ नंबर म्हणजे पाण्याच्या एकदाच वापरायच्या बाटल्या, त्यात गरम पाणी भरायचं नाही आणि उन्हात गाडीत ठेवायच्या नाहीत.

चरे पडलेलं, धुरकट झालेलं पॉलिकार्बोनेट आधी बाहेर काढा. त्यामागे एक किस्सा आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया हंट ह्यांच्या लॅबमध्ये उंदरांच्या बीजांडांत अचानक गुणसूत्रांच्या चुका वाढल्या, कारण सापडेना, शेवटी कळलं की कोणीतरी पॉलिकार्बोनेटचे पिंजरे चुकीच्या, कडक डिटर्जंटने धुतले होते आणि खराब झालेल्या प्लॅस्टिकमधून बीपीए बाहेर येत होतं. म्हणजे प्लॅस्टिक कोणतं ह्याच्याइतकंच ते कोणत्या अवस्थेत आहे हेही महत्त्वाचं.

काढलेले डबे फेकायलाच पाहिजेत असं नाही. खिळे, बटणं, वायरी, रंगीत पेन्सिली ठेवायला उत्तम.

आणि आता "बीपीए-फ्री" ह्या लेबलबद्दल, कारण सगळे तिथेच समाधानी होतात. बीपीए इस्ट्रोजेनसारखं वागतं हे १९३६ मध्येच माहीत झालं होतं, आणि ते दाखवणारे वर सांगितलेले तेच डॉड्स! तरी पुढे ते प्लॅस्टिक उद्योगात आलं आणि जगभर पसरलं. मग विरोध वाढला, युरोपने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१२ मध्ये बाळाच्या दुधाच्या बाटल्यांमधून ते काढायला लावलं, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी बीपीएस, बीपीएफ असे त्याचे भाऊबंद आले, ज्यांची रचना जवळपास तशीच आणि प्रयोगशाळेत वागणंही बरंचसं तसंच. म्हणून "बीपीए-फ्री" हा शब्द गरम जेवण घालायचा परवाना नाही. २०२३ मध्ये युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे २०,००० पट कमी. सगळ्यांना हे पटलं नाही, युरोपच्याच औषध संस्थेने आणि जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने वेगळं मत नोंदवलं, पण २०२४ च्या डिसेंबरमध्ये युरोपियन युनियनने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये बीपीएवर बंदीचा निर्णय घेतलाच. आकड्यावर वाद असू दे, दिशा एकच आहे.

पायरी २: डबाबंद अन्न आणि पावत्या

ही छोटी पायरी. पत्र्याच्या डब्याला आतून इपॉक्सीचा थर असतो, गंज लागू नये म्हणून, आणि त्यात बीपीए किंवा तत्सम काही असू शकतं. हार्वर्डच्या २०११ च्या एका प्रयोगात ७५ जणांनी पाच दिवस रोज एक वेळ डबाबंद सूप घेतलं तर ताजं सूप घेतलेल्या पाच दिवसांच्या तुलनेत लघवीतलं बीपीए १००० टक्क्यांहून जास्त वाढलं. ही वाढ तात्पुरती असते, त्यामुळे कधीतरी खाल्लं म्हणून काही बिघडत नाही, रोजचं असेल तर काचेच्या बरणीतलं, फ्रोजन किंवा ताजं बघा.

पावती म्हणजे दुकानातली गुळगुळीत, नखाने ओरखडा काढला की काळी पडणारी. त्या कागदावर बीपीए किंवा बीपीएस मोकळ्या पावडरसारखं बसलेलं असतं. सॅनिटायझर किंवा क्रीम लावलेल्या हाताने धरू नका कारण त्वचेतून शोषण वाढतं, मुलांच्या हातात खेळायला देऊ नका, शक्य तिथे मोबाईलवर पावती घ्या. दिवसभर काउंटरवर बसणाऱ्या माणसासाठी हा मोठा प्रश्न आहे, आपल्यासारख्या गिऱ्हाइकासाठी तितका नाही.

पायरी ३: वासाच्या वस्तू आणि बाथरूमचं कपाट

घटकांच्या यादीत "फ्रॅगरन्स" किंवा "परफ्यूम" असा एकच शब्द असतो, पण त्या एका शब्दाखाली डझनावारी घटक असू शकतात आणि कंपनीला ते सगळे सांगायची सक्ती बहुतेक ठिकाणी नसते. वास टिकावा, नीट मिसळावा म्हणून त्यात डायइथाइल थॅलेट वापरतात. त्यामुळे थॅलेट लेबलवर शोधत बसण्यात अर्थ नाही, वासच कमी करा.

सुरुवात करताना जिचं काम फक्त वास देणं आहे ती वस्तू आधी बंद करायची: रूम फ्रेशनर, गाडीतलं लटकणारं, सुगंधी मेणबत्त्या, कपड्यांचं सुगंधी सॉफ्टनर. मग अंगावर लावून तसंच ठेवायचं ते, म्हणजे लोशन, डिओ, क्रीम. आणि धुऊन टाकायचं ते, साबण शाम्पू वगैरे, सगळ्यात शेवटी, तेही आहे ती बाटली संपल्यावर. "अनसेंटेड" आणि "फ्रॅगरन्स-फ्री" ह्यात फरक असतो बरं का, अनसेंटेडमध्ये मूळ वास झाकायला दुसरा वास घातलेला असू शकतो, म्हणून फ्रॅगरन्स-फ्रीच शोधा.

"नॅचरल" लिहिलं म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. २००७ मध्ये तीन लहान मुलग्यांच्या छातीची स्तनांसारखी वाढ झाल्याची नोंद डॉक्टरांनी छापली होती, तिघंही लॅव्हेंडर किंवा टी-ट्री तेल असलेली उत्पादनं वापरत होते आणि वापर थांबवल्यावर वाढ कमी झाली. पुढे ह्यावर बराच वाद झाला आणि ठाम काही म्हणता येत नाही, पण झाडापासून आलं म्हणून हार्मोनशी संबंध नाही हे गृहीत धरायचं कारण नाही एवढं नक्की.

पॅराबेनबद्दल माझं मत जरा वेगळंय. इंटरनेटवर ह्याचीच सगळ्यात जास्त बदनामी आहे, पण ह्यांचा इस्ट्रोजेनसारखा परिणाम खऱ्या इस्ट्रोजेनच्या मानाने हजारो पटींनी कमजोर आहे, आणि पाणी असलेल्या क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्हच नसेल तर त्यात बॅक्टेरिया आणि बुरशी वाढते, ती काय कमी त्रासदायक आहे का. मिथाइल आणि इथाइल पॅराबेन सौम्य, प्रोपाइल आणि ब्युटाइल जरा जास्त. टाळायचे तर शेवटचे दोन टाळा, आणि लहान मुलांच्या क्रीममध्ये नक्की टाळा, डेन्मार्कने तीन वर्षांखालच्या मुलांच्या उत्पादनांमध्ये त्यांच्यावर २०११ मध्ये बंदी घातलीये.

अँटिबॅक्टेरियल साबणातलं ट्रायक्लोसन मात्र सरळ काढून टाका. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) त्याच्यासह १९ घटक घरगुती अँटिबॅक्टेरियल साबणांतून बाद केले कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त काम करतात हे कंपन्यांना दाखवताच आलं नाही. फायदा शून्य असेल तर थोडीशी जोखीम तरी कशाला घ्यायची.

सनस्क्रीन बंद करू नका हं! त्यातलं ऑक्सिबेन्झोन (ऊन अडवणारं एक केमिकल, त्याच्यावरही हार्मोनचा संशय घेतात) नको असेल तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं घ्या, पांढरं दिसतं जरा, पण काम करतं.

ह्या पायरीने खरंच फरक पडतो का? २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात १०० किशोरवयीन मुलींना तीन दिवस ही केमिकल्स नसलेली उत्पादनं वापरायला दिली तेव्हा लघवीतलं मिथाइल आणि प्रोपाइल पॅराबेन साधारण ४५ टक्क्यांनी, ट्रायक्लोसन ३६ टक्क्यांनी आणि वासाच्या वस्तूंतल्या त्या डायइथाइल थॅलेटचा अंश २७ टक्क्यांनी कमी झाला.

पायरी ४: धूळ

हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. सोफ्याचा फोम, टीव्ही-कॉम्प्युटरचं कव्हर, पीव्हीसीचं फ्लोअरिंग, ह्यातली केमिकल्स प्लॅस्टिकला घट्ट जोडलेली नसतात, ती हळूहळू सुटतात आणि घरातल्या धुळीला चिकटतात. रांगणारं मूल जमिनीवर असतं, हात तोंडात जातो, झालं. पीबीडीई नावाच्या आग-रोधकांची रचना थायरॉइडच्या हार्मोनशी बरीच मिळतीजुळती आहे म्हणून त्यांची जास्त काळजी. त्यातले काही प्रकार २००९ मध्ये आणि डेका नावाचा प्रकार २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (लवकर नष्ट न होणाऱ्या घातक केमिकल्सवर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आले, पण जुनं फर्निचर अजून घरात आहेच ना.

उपाय अगदी साधे आहेत. कोरड्या झाडूने धूळ उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसा, व्हॅक्यूम असेल तर हेपा फिल्टरवाला (अगदी बारीक धूळही अडवणारा). जेवणाआधी हात धुवा, मुलांचे तर दिवसातून अनेकदा. सोफा फाटून आतला फोम चुरा होऊन बाहेर येत असेल तर खोळ शिवून घ्या किंवा तो सोफाच काढा, फोम स्वतः कापत बसू नका. खिडक्या उघडा.

मऊ पीव्हीसीची जुनी खेळणी, विशेषतः मूल चावतं ती, ठेवू नका. युरोपने खेळण्यांतल्या थॅलेटवर १९९९ मध्ये तात्पुरती आणि २००५ मध्ये कायमची बंधनं घातली, अमेरिकेने २००८ मध्ये ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, म्हणजे त्याआधीचं खेळणं असेल तर त्यात भरपूर असू शकतं. आणि वास येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, नवीन प्लॅस्टिकचा जो वास येतो तो बहुतेक दुसऱ्याच पदार्थांचा असतो, थॅलेटना जवळपास वासच नसतो.

किड्यांसाठी घरभर स्प्रे मारण्याआधी फटी बुजवा, उष्टं-खरकटं झाका, जेल किंवा आमिषाचा सापळा वापरा. स्प्रेचे अंशही शेवटी धुळीतच जाऊन बसतात.

पायरी ५: पीफास, म्हणजे पाणी-तेल-डाग काही न चिकटणाऱ्या वस्तू

नॉनस्टिक तव्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. तव्यावरचा थर म्हणजे पीटीएफई, ते स्वतः बऱ्यापैकी निष्क्रिय आहे, एखादा कपचा पोटात गेला तर तसाच बाहेर पडतो. खरी भानगड ते बनवताना वापरल्या जाणाऱ्या पीएफओएची होती, ते २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात आलं. पण "पीएफओए-फ्री" म्हणजे "पीफास-फ्री" नव्हे, पीफास ही हजारो केमिकल्सची फौज आहे. तवा आहे तर मंद ते मध्यम आचेवर वापरा, रिकामा तापत ठेवू नका, साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर थर बिघडायला लागतो आणि अजून तापला तर त्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मरू शकतात. खराब झाला की पुढचा लोखंडाचा किंवा स्टीलचा घ्या. एवढंच.

तव्यापेक्षा मी बाकीच्या गोष्टींकडे जास्त बघेन: डाग न पडणारं कार्पेट आणि सोफ्याचं कापड, तेल न झिरपणारा पॅकिंगचा कागद, जलरोधक जॅकेट. नवीन घेताना "स्टेन-प्रूफ" हा जास्तीचा पर्याय नको म्हणा. कॉस्मेटिकच्या यादीत "फ्लुओरो" असलेला लांबलचक शब्द किंवा पीटीएफई दिसलं तर ठेवून द्या.

तुमच्या भागातल्या पाण्यात पीफास सापडल्याची अधिकृत माहिती असेल तरच फिल्टरचा विचार करा, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन किंवा आरओने कमी होतं. कार्बनचा फिल्टर वेळेवर बदलायला लागतो. पाणी उकळून काही होत नाही, उलट पाणी आटतं आणि पीफास तेवढंच राहतं.

पायरी ६: कोणी घाई करायची, आणि काय करायचं नाही

दिवस राहिलेत किंवा तसा विचार चाललाय, घरात तान्हं बाळ आहे, मुलं वयात येतायत, अशांनी पहिल्या चार पायऱ्या ह्याच महिन्यात करा. बाकीच्यांनी वस्तू संपेल तशी बदला, एकदम सगळं बदलायला गेलं की खिसाही जातो आणि उत्साहही.

आईच्या दुधात ह्यातली केमिकल्स सापडतात हे वाचून स्तनपान बंद करू नका, दुधाचे फायदे खूप जास्त आहेत. काही गोळ्यांच्या आवरणात थॅलेट असतं, पण म्हणून चालू औषध स्वतःच्या मनाने थांबवायचं नाही, डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा दुसऱ्या आवरणाची गोळी मिळते.

थायरॉइड, पीसीओएस, मूल न होणं, ह्या सगळ्याचं खापर प्लॅस्टिकच्या डब्यावर फोडू नका. माणसांवरचा बराचसा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, आणि आनुवंशिकता, वजन, आयोडीन, वय हे सगळं आहेच. डबे बदला, पण तपासण्या आणि उपचार चालू ठेवा.

डिटॉक्सचे ज्यूस, पॅच, पावडरी विकत घेऊ नका, पहिल्या गटातलं लिव्हर आणि किडनी फुकटात काढतात आणि दुसऱ्या गटातलं ह्या ज्यूसने निघत नाही. घरी लघवी गोळा करून पाठवायची टेस्ट किट्स पण मिळतात, त्यांचा आकडा खरा असेलही, पण बिस्फेनॉल किंवा थॅलेटचा एका सकाळचा आकडा तुम्ही आदल्या दिवशी काय खाल्लं, काय लावलं ह्यावरच हलतो, आणि तो अमुक इतका आला तर अमुक औषध द्या असं काही ठरलेलं नाही, त्यामुळे डॉक्टरही तो बघून तुम्हाला पहिल्या पायरीचंच सांगणार.